पोकळ लाटांसाठी सर्फबोर्डची रचना

वेगाने पुढे सरकणाऱ्या आणि फुटताना आतून पोकळ राहणाऱ्या समुद्रलाटांवर स्वार होण्यासाठी खास बेतून घडवलेल्या सर्फबोर्डच्या आकारशास्त्राचा हा विषय आहे. अशा लाटेत पाण्याचा माथा पुढे झेपावून समोरच्या उतारावर कोसळतो आणि मधे नळीसारखी जागा तयार होते. या नळीला सर्फिंगच्या परिभाषेत 'ट्यूब' किंवा 'बॅरल' म्हणतात. नळीतून कोरडे बाहेर पडणे हे या खेळातील सर्वोच्च कौशल्य मानले जाते. लाट चढी असल्याने फळीवर उभे राहण्यास क्षणभरच अवधी मिळतो आणि खाली बहुधा उथळ प्रवाळखडक असतो. म्हणून येथे फळीच्या आकारातील एखाद्या सेंटिमीटरचा फरकही खेळाडूच्या सुरक्षिततेशी निगडित ठरतो.

सर्फबोर्ड घडवणाऱ्या कारागिराला 'शेपर' म्हणतात. कारखान्यात ठरावीक साच्यातून निघणाऱ्या फळ्या सर्वत्र मिळत असल्या, तरी पोकळ लाटांवर जाणारे खेळाडू आजही आपल्या वजनाप्रमाणे व ठरावीक लाटेप्रमाणे शेपरकडून फळी करून घेतात.

लाट पोकळ का होते

खोल समुद्रातून आलेली लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा वेग कमी होतो, तरंगलांबी आखडते आणि उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की माथा तळापेक्षा पुढे जाऊ लागतो आणि लाट फुटते. दोन मीटर उंचीची लाट साधारण २.६ मीटर खोलीवर फुटते, असा ढोबळ हिशेब आहे.

ती कशी फुटते हे मुख्यतः तळाच्या उतारावर अवलंबून असते. किनारी अभियांत्रिकीत यासाठी 'इरिबारेन अंक' वापरतात. तळाच्या उताराला लाटेची उंची व खोल पाण्यातील तरंगलांबी यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने भागले की हा अंक मिळतो. तो सुमारे ०.५ पेक्षा कमी असेल तर लाट माथ्यावरून फेस सांडत हळूहळू विरते, ०.५ ते ३.३ च्या दरम्यान ती पोकळ होऊन कोसळते आणि त्याहून अधिक असल्यास न फुटताच किनाऱ्यावर चढते. उदाहरणादाखल, ५० मीटरला एक मीटर असा मंद उतार असलेल्या वाळूवर आठ सेकंद आवर्तकालाची दीड मीटर उंच लाट आली, तर अंक ०.१६ च्या आसपास येतो व लाट नुसती सांडते. याउलट दहा मीटरला एक मीटर उताराच्या खडकावर पंधरा सेकंदांच्या आवर्तकालाची अडीच मीटरची लाट आली, तर अंक १.२ च्या जवळ जातो. ही लाट पोकळ असते. दूरच्या वादळातून आलेली, दीर्घ आवर्तकालाची लाट आणि अचानक वर येणारा खडक असा जुळून आलेला योग म्हणजेच ओआहू बेटावरील पाइपलाइन किंवा ताहितीमधील तेआहुपो.

पोकळपणा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाट एकाच वेळी सबंध फुटत नाही. फुटण्याची जागा माथ्यावरून बाजूला सरकत जाते. लाटेचा माथा आणि फेसाची मागे राहणारी रेषा यांच्यातील कोन जितका लहान, तितके खेळाडूला पुढे राहण्यासाठी अधिक वेगाने जावे लागते. २.६ मीटर खोलीवर लाटेचा स्वतःचा वेग सेकंदाला सुमारे पाच मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर असतो. कोन ६० अंश असेल तर खेळाडूला ताशी सुमारे २१ किलोमीटर पुरतात, ४५ अंशांना २६ लागतात आणि ३० अंशांना लाटेच्या दुप्पट, म्हणजे ३६. कोन शून्य झाला की सगळी लाट एकदम मिटते आणि कोणतीही फळी उपयोगाची राहत नाही. शेपरपुढचा प्रश्न असा, की चढ्या उतारावर घसरू न देणारी फळी आणि ताशी तीस-पस्तीस किलोमीटर धावणारी फळी एकच कशी असावी. पकड वाढवणारे बहुतेक उपाय वेग कमी करतात. या विषयातील जवळजवळ प्रत्येक मोजमाप ही त्या दोहोंतील तडजोड आहे.

ऐतिहासिक आढावा

लाटेप्रमाणे फळी बदलण्याची कल्पना आधुनिक नाही. हवाई बेटांवर युरोपीय लोक पोहोचण्यापूर्वीच फळ्यांचे वेगवेगळे प्रकार प्रचलित होते. 'ओलो' ही पाच मीटरपर्यंत लांब, जाड व तरंगणारी फळी प्रमुखांच्या घराण्यात वापरली जाई आणि ती मंद, न फुटलेल्या लाटांसाठी होती. 'अलाइआ' ही पातळ, चपटी फळी चढ्या लाटेवर तिरकी नेता येई. दोन्हींना खाली पर नव्हते. फळीची कडा पाण्यात रुतवूनच दिशा राखावी लागे. ओलोसाठी 'विलिविली' हे अतिशय हलके लाकूड पसंत केले जाई, तर अलाइआसाठी 'कोआ' आणि 'उलू' वापरत. यांपैकी उलू म्हणजे कोकणात परसदारी दिसणारा नीरफणस, आणि कोआ हा बाभूळ-खैराच्या नात्यातील वृक्ष.

१८८५ मध्ये तीन हवाई राजपुत्रांनी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे रेडवुडच्या फळ्यांवर सर्फिंग केले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्फिंगची ही सर्वांत जुनी ठळक नोंद आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉम ब्लेक याने आतून पोकळ लाकडी फळी बनवली आणि १९३५ मध्ये फळीच्या तळाला पर बसवला. मागचे टोक बाजूला निसटणे त्यामुळे थांबले. पुढे चढ्या लाटेवर जे काही शक्य झाले त्याचा पाया या छोट्या पराने घातला, असे म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉब सिमन्स याने काचतंतू व रेझिन यांचा वापर रूढ केला. इक्वाडोरमधील बाल्सा लाकडाची जागा १९५० च्या दशकाअखेर पॉलियुरेथेन फोमने घेतली. होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क ही त्यातील प्रमुख नावे होत.

पाइपलाइनवर फिल एडवर्ड्स याने डिसेंबर १९६१ मध्ये केलेली सफर ब्रूस ब्राउन याने चित्रित केली. त्यापूर्वी ही लाट स्वार होण्यास अशक्य समजली जाई, आणि त्या काळच्या तीन मीटर लांब, जड व सपाट फळ्या पाहता हा समज अवाजवी नव्हता. १९६७ नंतर ऑस्ट्रेलियात बॉब मॅकटॅव्हिश आणि हवाईत डिक ब्रूअर यांच्या प्रभावाने फळ्यांची लांबी झपाट्याने घटली. जेरी लोपेझ याने निमुळत्या शेपटीच्या, अरुंद फळ्यांवर पाइपलाइनच्या नळीत शांतपणे उभे राहण्याची शैली रूढ केली. १९७२ व १९७३ ची पाइप मास्टर्स स्पर्धा त्याने जिंकली. तो स्वतः शेपरही होता, आणि हा योगायोग नव्हे. लाटेत काय बिघडते ते पायांना कळलेला माणूसच रंधा हाती घेत होता.

मार्क रिचर्ड्स याने दोन परांच्या फळीवर १९७९ ते १९८२ अशी सलग चार जगज्जेतेपदे मिळवली. ही फळी लहान लाटांत चपळ होती. मोठ्या, पोकळ लाटेत मात्र तिची शेपटी सुटत असे. ऑस्ट्रेलियाचा धिप्पाड खेळाडू सायमन अँडरसन याला ती कधीच मानवली नाही. त्याने सारख्या आकाराचे तीन पर बसवून 'थ्रस्टर' तयार केला आणि १९८१ मध्ये बेल्स बीचची व त्याच वर्षी पाइपलाइनची स्पर्धा जिंकली. तीन परांची ही मांडणी आजही सर्वाधिक वापरात आहे.

रचनेचे घटक

लांबी, रुंदी, जाडी व आकारमान. फळीची मोजमापे आजही फूट-इंचांत सांगितली जातात, आकारमान मात्र लिटरमध्ये देतात. ७५ किलो वजनाचा सरावलेला खेळाडू नेहमीच्या लाटांसाठी २७ ते ३० लिटरची, सुमारे सहा फुटांची फळी वापरतो. पोकळ व मोठ्या लाटांसाठी तोच खेळाडू साधारण साडेसहा फूट (१९८ सेंटिमीटर) लांब, पावणेएकोणीस इंच रुंद आणि अडीच इंच जाड फळी घेतो. ही सुमारे ३२ लिटर भरते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ३२ लिटरची फळी पूर्ण बुडाली तरी फार तर ३२ किलो वजन पेलते, म्हणजे उभ्या माणसाला ती स्थिर पाण्यावर तरंगवू शकत नाही. लाटेवर माणूस उभा राहतो तो मुख्यतः वेगामुळे तळावर निर्माण होणाऱ्या उचलीच्या जोरावर. वाढवलेले दोन-तीन लिटर उभे राहिल्यावर फारसे कामी येत नाहीत. ते हातांनी वल्हवताना उपयोगी पडतात. लांब फळी लाटेला लवकर गाठते, आणि पोकळ लाटेत अर्धा सेकंद आधी उभे राहता येणे हाच मोठा फायदा असतो. त्याउलट आकारमान फार वाढवले तर समोरून येणाऱ्या फेसाखाली फळीसह बुडी मारणे अवघड जाते.

बाह्याकार. वरून पाहिल्यास पोकळ लाटांची फळी अरुंद व लांबट दिसते. सर्वाधिक रुंदी मध्यावर किंवा किंचित पुढे ठेवतात आणि शेपटी ओढून निमुळती करतात. टोकदार शेपटीला 'पिन', तिच्या गोलसर रूपाला 'राउंड पिन' म्हणतात. रुंद, चौकोनी शेपटीखाली उचल अधिक मिळते. लहान लाटेत ती हवीच असते. वेगवान लाटेत मात्र हीच उचल शेपटी पाण्याबाहेर काढते. निमुळती शेपटी पाण्यात खोल बसते व वळताना सलग, लांब कमान घेते. तिच्यावर तुटक, झटकेदार वळणे घेता येत नाहीत, पण नळीत असल्या वळणांना जागाही नसते.

तळाचा बाक. बाजूने पाहिल्यास फळीचा तळ होडीच्या तळासारखा दोन्ही टोकांना वर उचललेला असतो. या बाकाला 'रॉकर' म्हणतात. पोकळ लाटांच्या रचनेत एकच घटक निवडायचा झाला तर तो हाच. लाटेचा उतार उभ्या कमानीसारखा असतो; सपाट फळी या कमानीत सरळ काठीसारखी अडकते, तिचे नाक खाली रुततते आणि खेळाडू फळीवरून पुढे फेकला जातो. नाकाकडे साधारण साडेपाच इंच (१४ सेंटिमीटर) आणि शेपटीकडे अडीच इंच (६ सेंटिमीटरहून थोडे अधिक) बाक दिल्यास फळी कमानीला धरून उतरते. मात्र बाक जितका जास्त तितके पाणी पुढे ढकलले जाते व वेग घटतो. अनुभवी शेपर म्हणूनच बाक टोकांकडे वळवतात व पुढच्या पायाखालचा भाग जवळजवळ सपाट ठेवतात. बाक कोठे संपतो व सपाटी कोठे सुरू होते, हे मोजपट्टीवर दोन आकड्यांत लिहिता येत नाही. एकाच मापाच्या दोन फळ्या वेगळ्या का वागतात याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

कडा व तळ. फळीच्या कडेला 'रेल' म्हणतात. पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळते, धारदार कडेपाशी मात्र सुटते. चमचा नळाच्या धारेला टेकवला की तो आत ओढला जातो, तसेच हे आहे. फळीच्या मधल्या भागात कडा मऊ, गोल व पातळ ठेवल्यास ती लाटेच्या भिंतीत शिरून पकड धरते; शेवटच्या तीस-चाळीस सेंटिमीटरांत धार ठेवल्यास पाणी शेपटीपासून सुटते व वेग टिकतो. जाड कडा उभ्या भिंतीत शिरतच नाही, पाणी तिला बाहेर ढकलते. तळाला मध्यभागी उथळ पन्हाळीसारखा खोलवा दिल्यास उचल वाढते. शेपटीकडे तो मावळून हलक्या उलट्या छपरासारखा उतार येतो, म्हणजे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाणे सोपे होते. लाट फार मोठी असल्यास खोलवा टाळतात, कारण तेथे उचल आधीच गरजेपेक्षा जास्त असते.

पर. परांवर पाणी तिरके आदळल्याने विमानाच्या पंखाप्रमाणे उचल निर्माण होते, फक्त ती आडवी असते व फळीला लाटेच्या भिंतीला धरून ठेवते. थ्रस्टरमध्ये पुढचे दोन पर शेपटीच्या टोकापासून सुमारे ११ इंचांवर, नाकाकडे किंचित वळवून आणि बाहेर कललेले असतात. मधला पर सरळ असतो. चार परांच्या मांडणीत मधला पर नसतो, त्याचा अडथळा जातो आणि सरळ रेषेतला वेग वाढतो. नळीत ही मांडणी अनेकांना आवडते. तीन परांची फळी वळण पूर्ण करताना अधिक भरवशाची असते. बहुतेक शेपर आता पाच खाचा ठेवतात व निवड खेळाडूवर सोपवतात.

साहित्य आणि घडण

पारंपरिक फळीत पॉलियुरेथेन फोमचा ठोकळा, त्याच्या मधोमध लाकडाची पातळ पट्टी आणि वर पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेले काचकापड असते. दुसऱ्या प्रकारात पॉलिस्टायरीन फोमवर इपॉक्सी रेझिन चढवतात. ही फळी हलकी व जास्त तरंगणारी असते. लहान लाटेत हलकेपणा हवासा वाटतो. वाऱ्याने खडबडीत झालेल्या वेगवान लाटेवर मात्र ती थडथडते, म्हणून पोकळ लाटांसाठी अनेकजण थोडी जड, पारंपरिक फळीच पसंत करतात आणि वरच्या बाजूस काचकापडाचे दोन जाड थर घालतात. तरीही फळ्या मोडतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये (स्पर्धा जुलै २०२१) ब्राझीलच्या इतालो फेरेरा याची फळी अंतिम लढतीच्या सुरुवातीलाच तुटली. दुसऱ्या फळीवर त्याने सुवर्णपदक जिंकले.

घडण पुढीलप्रमाणे होते. ठोकळ्यावर साच्याने बाह्याकार आखून कापतात, रंध्याने बाक व जाडी आणतात, कडांना टप्प्याटप्प्याने पैलू पाडून ते गोल करतात आणि शेवटी घासकागदाने तळ नितळ करतात. बाजूने सोडलेल्या प्रकाशात पृष्ठभागावरचे उंचसखल सावल्यांनी दिसतात. आज प्राथमिक कापणी बहुतेक ठिकाणी संगणकचालित यंत्राने होते. फोमची धूळ, स्टायरीनची वाफ आणि फोम तयार करताना लागणारे आयसोसायनेट ही सर्व फुप्फुसांना घातक आहेत. मुखपट्टीशिवाय हे काम करणे धोक्याचे असते. अमेरिकेतील ठोकळ्यांची मोठी पुरवठादार क्लार्क फोम ही कंपनी ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद झाली आणि जगभरच्या शेपरांना पर्यायी साहित्य शोधावे लागले. इपॉक्सीचा प्रसार त्यानंतर वाढला.

मागणी नोंदवताना खेळाडूने वजन, उंची, सराव, सध्याच्या फळीची मापे आणि कोणत्या लाटेवर जायचे हे सांगणे आवश्यक असते. सध्याच्या फळीत नेमके काय खटकते, हे सांगणारा ग्राहक शेपरला सर्वांत उपयोगी पडतो.

विलिविली आणि पांगारा

हवाईतील विलिविली हा एरिथ्रिना या प्रजातीतील वृक्ष आहे. महाराष्ट्रात याच प्रजातीतील वृक्षाला पांगारा म्हणतात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पानगळीच्या जंगलांत, तसेच शेताच्या बांधांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्णहीन फांद्यांवर लालभडक फुले मिरवणारे हे झाड परिचयाचे आहे. विलिविलीप्रमाणेच त्याचे लाकूड मऊ, सच्छिद्र आणि वजनाला अत्यंत हलके असते. सावंतवाडीची लाकडी खेळणी परंपरेने पांगाऱ्याच्या लाकडाची करीत. जिवंत कुंपणासाठी आणि वेलींना आधार म्हणूनही तो लावतात. हे लाकूड पाणी शोषते व लवकर कुजते, त्यामुळे उघड्या स्वरूपात ते समुद्रात टिकत नाही. हवाईत फळ्यांना कुकुई बियांचे तेल चोळण्यामागे हेच कारण होते. आजच्या पद्धतीत काचकापड व रेझिनचे आवरण हा दोष झाकू शकते. बाल्साच्या फळ्या याच रीतीने बनत.

एरिथ्रिनाच्या झाडांना एका सूक्ष्म गांधीलमाशीने ग्रासले आहे. तिच्या अळ्यांमुळे पानांवर व कोंबांवर गाठी येतात आणि झाड खुरटते. २००५ मध्ये ती हवाईत पोहोचल्यावर विलिविलीची मोठी हानी झाली. तिला आवर घालण्यासाठी २००८ मध्ये तेथे तिच्यावर जगणारा दुसरा कीटक सोडण्यात आला. भारतातही पांगाऱ्यावर या गांधीलमाशीची नोंद झाली आहे.

भारत आणि महाराष्ट्राचा किनारा

भारतात संघटित सर्फिंगची सुरुवात कर्नाटकातील मुल्की येथे २००४ च्या सुमारास झाली. तमिळनाडूतील कोवलम व महाबलीपुरम ही पुढे आलेली अन्य केंद्रे होत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंग तेआहुपो येथे झाल्याने पोकळ लाट जगभरच्या प्रेक्षकांना प्रथमच या पातळीवर पाहता आली. पुरुषांत कौली वास्त आणि महिलांत कॅरोलिन मार्क्स यांनी सुवर्णपदके मिळवली.

शहापूर व मुरबाड तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून ठाणे जिल्ह्याकडे मुख्यतः खाडीकिनारा उरला आहे. कोकणपट्टीवर खुला समुद्र असला, तरी मुंबईसमोरचा सागरमग्न खंडमंच सुमारे तीनशे किलोमीटर रुंद व उथळ आहे, आणि त्यावरून येताना लाटांची बरीच ऊर्जा तळाशी घासून नष्ट होते. पुळणींचा उतार मंद असल्याने लाटा सांडतात, कोसळत नाहीत. पावसाळ्यात उंची वाढते, पण तेव्हाच्या लाटा स्थानिक वाऱ्याने उठलेल्या, आखूड आवर्तकालाच्या आणि अव्यवस्थित असतात. त्या काळात समुद्रात उतरणे धोकादायक असते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांची उंची व आवर्तकाल यांचे अंदाज देते, त्यावरून हा फरक आकड्यांत पाहता येतो. अशा मंद लाटांवर वर वर्णिलेली अरुंद, बाकदार फळी पाण्यात रुतून थांबते. तेथे तिच्या जवळजवळ उलट गुणांची, म्हणजे रुंद शेपटीची, जाड कडांची व सपाट तळाची फळी चालते.